झाकलेले उपकार

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला मी निबंधासाठी विषय दिला होता, 'मेरे मोहसिन'. ज्याने आपल्यावर उपकार केले, तो मोहसिन. आमची शाळा उर्दू माध्यमाची आहे. मुले घरी कोकणी बोलतात, बाजारात मराठी बोलतात आणि निबंध उर्दूत लिहितात. बहुतेकांनी अम्मी-अब्बांवर लिहिले. दोघांनी माझ्यावरच लिहिले, ते गुणांच्या आशेने लिहिले असणार असे समजून मी सोडून दिले. वह्या परत देताना एका मुलीने विचारले, "टीचर, आप किस पर लिखतीं?"

मी त्यांना एक गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी आम्ही शारजाला राहत होतो. एका रात्री माझी मुलगी अचानक आजारी पडली आणि एका अनोळखी टॅक्सीवाल्याने आम्हाला दवाखान्यात नेले. त्याचे नावही मला ठाऊक नाही, पण माझा मोहसिन तोच. "कहाँ का था, टीचर?" कुणीतरी विचारले. "केरळचा," मी म्हणाले.

मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. त्याचे वडील तिकडेच नोकरीला आहेत. तो उभा राहून म्हणाला, "टीचर, मेरे अब्बा बोलते हैं, उधर टॅक्सीवाले जादा करके पठान होते हैं, पाकिस्तान के." त्याच्या मनात काही नव्हते. त्याला जे माहीत होते ते त्याने सांगितले. "केरळचेही असतात," असे म्हणून मी मुलांना पुढचा धडा काढायला सांगितला.

मुलाचे बरोबर होते. तो टॅक्सीवाला केरळचा नव्हता. तो पठाण होता, पाकिस्तानातल्या मरदानचा. मी त्याचा मुलूख बदलला होता, आणि तोही पहिल्यांदा नव्हे. ज्या विषयावर मी मुलांकडून चार पाने लिहून घेतली, त्या विषयात मी स्वतः नापास होते. हा लेख त्या नापासाचा हिशेब आहे.

आधी घडले ते सांगते. माझे माहेर पेणचे आणि सासर रोह्याचे. लग्नानंतर दोन वर्षे मी पतीबरोबर शारजात काढली. ते जबल अलीच्या एका गोदामात कामाला होते. २०१४चा रमजान जुलैच्या भर उन्हाळ्यात आला होता. त्या रात्री त्यांची रात्रपाळी होती आणि पाळीवर असताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागत असे. मुलगी दीड वर्षाची. संध्याकाळपासून ताप होता. रात्री दोनच्या सुमारास तिला झटके यायला लागले, डोळे फिरले. मी तिला उचलले आणि जिन्याने खाली धावले. पर्स नाही, मोबाइल नाही, पायात घरातल्या चपला.

रस्त्यावर एक टॅक्सी येत होती. तिथे बऱ्याचदा एकच गाडी दोन चालक बारा-बारा तासांनी चालवतात. या माणसाची पाळी संपली होती आणि तो गाडी दुसऱ्याच्या हवाली करायला निघाला होता. तो थांबला. मुलीकडे पाहून त्याने एकही प्रश्न विचारला नाही. स्वतःची पाण्याची बाटली आणि मानेवरचा रुमाल मागे दिला, रुमाल भिजवून तिच्या कपाळावर ठेवायला सांगितले आणि गाडी सोडली. वाटेत तो एकच वाक्य म्हणत राहिला, "फिकर मत करो बहन, बच्चा ठीक हो जाएगी." पठाण उर्दू बोलताना स्त्रीलिंग-पुल्लिंगाची गल्लत करतात. मुलगी मांडीवर थरथरत असताना त्याच्या व्याकरणाची चूक माझ्या लक्षात आली. मी तेव्हा शिक्षिकाही झाले नव्हते. आजही वर्गात एखाद्या मुलाने तीच चूक केली की मला ती दुरुस्त करायला क्षणभर जड जाते.

दवाखान्यात नोंदणीचे आणि औषधांचे पैसे त्याने भरले. डॉक्टरांनी ताप उतरवला, झटके थांबले. तो बाहेर बाकावर बसून होता. त्याची एक मुलगी गावी आहे, तीही एवढीच, आणि तिचा जन्म झाल्यापासून त्याने तिला फक्त फोटोत पाहिले आहे, एवढेच तो स्वतःबद्दल बोलला. पहाटे आम्ही परत निघालो तेव्हा फज्रची अजान झाली. तेव्हा माझ्या लक्षात आले की या माणसाची सहरी गेली. बाटलीतले पाणीही माझ्या मुलीच्या कपाळाला लागले होते. दिवसा पारा ४५ अंशांच्या आसपास जाणार होता. मी तसे म्हणाले तर तो हसला आणि म्हणाला, "अल्लाह मालिक है."

घरापाशी उतरल्यावर मी म्हणाले, "भाई, थांबा, वरून पैसे घेऊन येते." मुलीला घेऊन तीन मजले चढले, पैसे घेतले, खाली आले. गाडी नव्हती.

त्याचे नाव मी विचारले नव्हते. गाडीचा नंबर पाहिला नव्हता. पुढचे कितीतरी दिवस मी रस्त्यावरच्या प्रत्येक टॅक्सीत डोकावून पाहत होते. तो पुन्हा दिसला नाही.

२०१५मध्ये आम्ही परत आलो. पेणला माहेरी गेले तेव्हा शेजारपाजारच्या बायका भेटायला आल्या. आमच्या घराला लागून गणपतीचा कारखाना आहे. तिथल्या काकू मला लहानपणापासून ओळखतात. मुलीला मांडीवर घेऊन त्यांनी विचारले, "परक्या मुलखात एकटी कशी राहिलीस गं?" मी ही हकिगत सांगितली आणि बोलता बोलता म्हणाले, "केरळचा होता तो." आधी काही ठरवले नव्हते. ते शब्द आपोआप आले. काकूंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "देव त्याचं भलं करो." त्यांचा आशीर्वाद मी चुकीच्या पत्त्यावर पाठवला होता. त्यानंतर ज्याला-ज्याला ही गोष्ट सांगितली, त्याला तो केरळचाच सांगितला. गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली की मरदानच्या माणसाचा चेहराच माझ्या मनातून पुसट होऊ लागला.

माझ्या वडिलांना अशी अडचण कधी आली नाही. ते कुवेतला होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा मी एका वर्षाची होते. काही आठवड्यांनी ते इतर भारतीयांबरोबर बसने बसरा, बगदादमार्गे जॉर्डनच्या सीमेवर पोचले. तिथून अम्मान आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. सुमारे दोन महिन्यांत एक लाखाहून अधिक भारतीय या वाटेने परत आले. आपल्या रायगड-रत्नागिरीतल्या किती घरांत ही गोष्ट सांगितली जाते ते वाचकांना वेगळे सांगायला नको. सीमेवरच्या वाळवंटात तंबू होते, पाण्यासाठी रांगा होत्या. वडिलांच्या खिशात कुवेती दिनार होते, पण ते कुणी घेत नव्हते. एक जॉर्डनी म्हातारा रोज आपली पिकअप गाडी घेऊन यायचा आणि खुबूस व पाणी स्वतःच्या हाताने वाटायचा. पैसे देऊ केले तर रागवायचा. वडील त्याला 'अम्मानवाले बाबा' म्हणत. दर रमजानला पहिल्या इफ्तारीच्या दुआत त्याचा उल्लेख होई. आम्ही भावंडांनी त्या म्हाताऱ्याला कधी पाहिले नाही, पण तो आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांपैकीच एक होता. वडिलांची कृतज्ञता पूर्ण होती. तिच्यात त्यांना काही बदलावे लागले नाही.

मग मला का बदलावे लागले?

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. १९९३च्या सुरुवातीला आपल्याच जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत त्यांनी २५७ माणसांचे प्राण घेतले. ज्यांनी ती उतरवली ते मूठभर होते, पण संशय सगळ्या किनारपट्टीच्या वाट्याला आला. मी तेव्हा चार वर्षांची होते. मला घटना आठवत नाही, घरातल्या मोठ्या माणसांचे हळू आवाजात बोलणे आठवते. मग २६ नोव्हेंबर २००८ला पुन्हा समुद्रातूनच मारेकरी आले, तेही त्याच देशातून. त्या देशाच्या सरकारांनी आणि तिथल्या टोळ्यांनी आपल्या देशाला दिलेली दुःखे खरी आहेत, आणि ती मला कुणापेक्षाही कमी लागत नाहीत. पण आपल्यासाठी 'पाकिस्तान' हे एका देशाचे नाव उरलेले नाही. त्या शब्दाजवळ आपली परीक्षा घेतली जाते. त्या शब्दाशी कौतुकाचे एक वाक्य जोडले गेले तर पुढे दहा वाक्यांचा खुलासा जोडावा लागेल, अशी धास्ती आपल्यात मुरली आहे. त्यात मी उर्दू शाळेतली शिक्षिका.

पण हे सगळे सांगून झाल्यावरही एक गोष्ट उरते. काकूंनी मला काही विचारले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हते. भीती बाहेरच्या हवेत असेल, पण त्या दिवशी त्या खोलीत ती फक्त माझ्या आत होती. मरदानच्या माणसाचे श्रेय तर मी काढून घेतलेच, शिवाय काकूंवरही अन्याय केला. ज्या बाईने मला लहानपणी मांडीवर घेतले, तिला खरे ऐकवणार नाही असे मी तिच्या वतीने ठरवून टाकले.

भाषा शिकवणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून मी शब्दांकडे वळले. मराठीत आपण 'कृतज्ञ' म्हणतो. केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. आणि केलेल्याचा जो घात करतो तो कृतघ्न. मराठी शब्दात भर जाणण्यावर आहे. मला वाटायचे, मी तर जाणते. रोज नमाजनंतर त्या माणसासाठी दुआ मागते. मग मी कृतघ्न कशी?

अरबीत मात्र भर वेगळ्या जागी आहे. अरबी कोशकार 'शुक्र'चा अर्थ सांगतात तो असा, की मिळालेली देणगी मनात आणणे आणि ती उघड करणे. थोड्याशा चाऱ्यावर जे जनावर अंगाने भरते, त्याला अरबीत 'शकूर' म्हणतात. मालकाने घातलेला चारा त्या जनावराच्या अंगावर दिसतो. आपल्याकडेही एखाद्या गाईबद्दल 'चारा अंगी लागला' असे म्हणतात. शुक्र म्हणजे अंगावर दिसणे. आणि 'कुफ्र'चा मूळ अर्थ झाकणे. जमिनीत बी झाकतो म्हणून शेतकऱ्यालाही त्या धातूवरून शब्द आहे आणि तो कुरआनमध्ये आला आहे. कृतघ्नतेला उर्दूत आपण 'कुफ्रान-ए-नेमत' म्हणतो. शब्दाशब्दाने पाहिले तर त्याचा अर्थ देणगी झाकून टाकणे असा होतो.

अबू दाऊद आणि तिरमिझी यांच्या संग्रहांत या विषयावर एक हदीस आहे. तिचा आशय असा, की कुणी आपल्याला काही दिले आणि परतफेड शक्य असेल तर करावी. शक्य नसेल तर देणाऱ्याची तारीफ करावी, कारण तारीफ केली म्हणजे शुक्र अदा केला. आणि ज्याने ते लपवले, त्याने नाशुक्री केली. ही हदीस मी विद्यार्थिनी असताना पाठ केली होती. ती माझ्याबद्दल आहे हे मला कळायला एका सातवीतल्या मुलाला बाकावरून उठावे लागले.

पैशांची गोष्ट तशी सोपी होती. त्या रात्री त्याने भरलेली रक्कम साधारण माझ्या लक्षात होती. देणेकरी सापडत नसेल तर ती रक्कम त्याच्या नावाने सदका करावी, असे आलिम सांगतात. परत आल्यावर आम्ही तसे केले. माझ्या मनाला तेव्हा वाटले, फिटले. आपल्याकडच्या लग्नांत आहेराची वही असते. कुणी किती दिले ते लिहून ठेवायचे आणि त्यांच्या घरचे लग्न आले की तेवढे किंवा त्यावर थोडे घालून द्यायचे. नात्यागोत्यातले उपकार असे वहीत बसतात. मी त्या पठाणालाही वहीत बसवले होते. पण त्याने पैशांखेरीज दिले त्याचे काय? त्याची झोप, त्याची सहरी, उशीर झाल्याबद्दल त्याला कदाचित बसलेला दंड, आणि स्वतःच्या न पाहिलेल्या मुलीची जी माया त्याने त्या रात्री माझ्या मुलीला दिली ती, यांचा आकडा कुठल्या वहीत मांडायचा? ज्याची फेड होत नाही त्याचा निदान उच्चार व्हावा, एवढेच हदीस मागते. आणि तेवढेच मी केले नव्हते.

कुणी म्हणेल, विरोधी गोटातल्या माणसाचा उपकार मनात ठेवावा, पण तो बोलून कशाला दाखवायचा? यावर मला मुतइम बिन अदी यांची आठवण होते. ताइफच्या लोकांनी दगड मारून हाकलल्यावर पैगंबर (स.) मक्केच्या वेशीवर आले तेव्हा शहरात शिरायलाही कुणाचे तरी संरक्षण हवे होते. ते मुतइमने दिले. आपल्या मुलांना शस्त्रे घेऊन उभे केले आणि त्यांना आत आणले. मुतइमने इस्लाम स्वीकारला नव्हता, आणि न स्वीकारताच तो वारला. पुढे इ.स. ६२४मध्ये बद्रची लढाई झाली. मक्केचे कैदी समोर होते. तेव्हा पैगंबर (स.) म्हणाले की, आज मुतइम हयात असता आणि त्याने या कैद्यांसाठी शब्द टाकला असता, तर मी त्याच्याखातर यांना सोडून दिले असते. ही हकिगत बुखारीत आहे. लढाई नुकतीच संपली होती, आपल्या माणसांच्या कबरी ताज्या होत्या आणि उपकार करणारा समोरच्या बाजूचा होता. तरी त्याचे नाव मोठ्याने घेतले गेले, तेही विजयी फौजेसमोर. लढाई खरी होती आणि उपकारही खरा होता. दोहोंपैकी एकाला खोटे पाडायची गरज पडली नाही. माणसाचा उपकार मान्य करणे म्हणजे त्याच्या गोटाला जाऊन मिळणे नव्हे, हे चौदाशे वर्षांपूर्वी स्पष्ट झालेले आहे. मीच ते विसरले होते.

आणि आपल्या देशालाही याचे वावडे नाही. गीताची गोष्ट आठवा. ऐकू न येणारी, बोलू न शकणारी एक भारतीय मुलगी लहानपणी चुकून रेल्वेने सीमेपलीकडे गेली. कराचीच्या ईधी फाउंडेशनमध्ये बिलकिस ईधी यांनी तिला वाढवले. ती हिंदू आहे हे कळल्यावर तिचे नाव गीता ठेवले आणि तिला पूजा करता यावी म्हणून देवांची तजवीजही करून दिली. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती भारतात परतली. २०२१मध्ये तिची आई महाराष्ट्रातच सापडल्याची बातमी आली. भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आणि पंतप्रधानांनी ईधींचे जाहीर आभार मानले. एक कोटी रुपयांची देणगीही जाहीर झाली. अब्दुल सत्तार ईधींनी ती नम्रपणे नाकारली. २०१५ म्हणजे मी काकूंसमोर बसून टॅक्सीवाल्याचा मुलूख बदलला तेच वर्ष. देश ज्यांचे आभार उघडपणे मानत होता, त्यांच्याच मुलखातल्या एका गरीब चालकाचे आभार मी झाकून ठेवत होते.

येथे दुसरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. माझ्या अम्मीला मी पुढे खरे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "वो फरिश्ता था." परक्याने मदत केली की आपल्या तोंडी हा शब्द फार लवकर येतो. इब्न बतूता १३४२च्या सुमारास दिल्लीहून निघाला असता कोइल म्हणजे आजच्या अलीगढजवळ लुटला गेला. कित्येक दिवस रानात भटकून तो गळून गेला असताना एका विहिरीजवळ एक सावळा माणूस भेटला. त्याने त्याला खाऊ घातले आणि चालवेना तेव्हा पाठीवर घेतले. इब्न बतूता शुद्धीवर आला तेव्हा तो एका गावात होता आणि माणूस नाहीसा झाला होता. तो कुणी वली असावा, असेच इब्न बतूताला वाटले. असेलही. पण मला अलीकडे वाटते की उपकार करणाऱ्याला फरिश्ता म्हणण्यात आपली एक सोय असते. फरिश्त्याला झोप नसते, भूक नसते, मालकाला हिशेब द्यायचा नसतो. फरिश्त्याला पासपोर्टही नसतो. त्याला फरिश्ता केले की त्याचा त्रास दिसेनासा होतो आणि त्याचा मुलूखही. म्हणजे हेही झाकणेच झाले, फक्त अधिक सुंदर कापडाने. तो माणूस होता, थकलेला होता, आणि थकलेला असूनही थांबला, यातच त्याचे मोठेपण आहे.

मग प्रश्न येतो की अशा परक्याने जे केले ते एहसान म्हणायचे की हक्क? कुरआनमध्ये प्रवाशाला, 'इब्नुस्सबील'ला, त्याचा हक्क द्या असे सांगितले आहे. जकातीच्या आठ वाट्यांतही शेवटचा वाटा प्रवाशाचा आहे. म्हणजे मरदानचा माणूस म्हणू शकेल, मी काय विशेष केले, तुमचा हक्क तुम्हाला दिला. या कोड्याचे उत्तर मला शारजात मिळाले नाही, ते रोह्यात मिळाले.

रोह्याजवळ धाटावला औद्योगिक वसाहत आहे. तिथे उत्तरेकडून आलेली कामगार कुटुंबे राहतात. दोन वर्षांपूर्वी वर्षाच्या मध्येच एक बाई आपल्या मुलाला घेऊन शाळेत आली. बहराइचकडची. दाखला नव्हता. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, पण कायदा असला तरी कागद कुणीतरी भरावे लागतात. मी भरले. जुन्या शाळेशी पत्रव्यवहार केला, वह्या दिल्या, शाळा सुटल्यावर त्याला मराठी शिकवली. तीन-चार महिन्यांनी ते कुटुंब न सांगता दुसरीकडे निघून गेले. मला राग आला. घरी येऊन म्हणाले, "एवढे केले, जाताना सलामसुद्धा केला नाही." माझे पती जेवत होते. ते म्हणाले, "त्या पठाणाला तरी आपण कुठे केला?"

त्या रात्री मला जे समजले ते असे. देणाऱ्याने समजावे की मी हक्क दिला. घेणाऱ्याने समजावे की माझ्यावर एहसान झाला. दोघे आपापल्या जागी राहिले की उपकार निर्मळ राहतो. देणारा 'एहसान, एहसान' म्हणू लागला की त्याचे दान वाया जाते. उपकार बोलून दाखवून आपला सदका फुकट घालवू नका, अशी ताकीद सूरह बकरामध्ये आहेच. आणि घेणारा 'माझा हक्कच होता' म्हणू लागला की तो नाशुक्रा होतो. एकच कृत्य, पण ते बोलून दाखवणे देणाऱ्याच्या तोंडी दोष आहे आणि घेणाऱ्याच्या तोंडी कर्तव्य. मी नेमके उलटे वागत होते. बहराइचच्या मुलासाठी केलेले चार कागद बोलून दाखवत होते, आणि मरदानच्या माणसाने केलेले झाकून ठेवत होते.

परदेशात राहून आलेल्या आपल्या माणसांकडे अशा गोष्टी पुष्कळ असतात. कुणाला बहरीनमध्ये फिलिपिनो नर्सने जपलेले असते, कुणा जहाजावरच्या खलाशाला परक्या बंदरात ख्रिश्चन पाद्र्याने कोट दिलेला असतो. त्याच मुलखांत पासपोर्ट मालकाच्या कपाटात कुलूपबंद असतात, पगार थकलेले असतात, हेही खरे आहे. मी त्या व्यवस्थेचे आभार मानत नाही. पण व्यवस्था कडक असताना जो माणूस मऊ राहिला, त्याची नोंद घरात झाली पाहिजे, नावगावासकट. नाव माहीत नसेल तर निदान गावासकट. नाहीतर आपली मुले फक्त मुलखांना ओळखतील, माणसांना ओळखणार नाहीत. आणि आपल्या धाटावला, पेणच्या वीटभट्ट्यांवर, महामार्गाच्या कामावर जी माणसे आज 'इब्नुस्सबील' म्हणून आपल्या दारात आहेत, त्यांच्या घरी उद्या रोह्याची, पेणची काय गोष्ट सांगितली जाईल, हाही प्रश्न त्यातच आला.

निबंधाच्या त्या प्रसंगानंतर आठवड्याने मी वर्गाला खरे सांगितले. मागच्या दिवशी टीचरने चूक सांगितली होती, तो टॅक्सीवाला मरदानचा पठाण होता, आणि मी घाबरून केरळचा म्हणाले. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "मैंने बोला था ना, टीचर." मी म्हणाले, "हो, तू बरोबर होतास." त्यापुढे काही घडले नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मुले डबे घेऊन बाहेर पळाली.

पेणला गेले तेव्हा काकूंकडे गेले. गणपतीच्या आधीचे दिवस होते. कारखान्यात रांगेने मूर्ती वाळत होत्या आणि काकू एका मूर्तीच्या हातावरचा रंग तपासत होत्या. मी म्हणाले, "काकू, मी तुम्हाला तेव्हा खोटं सांगितलं होतं. तो टॅक्सीवाला केरळचा नव्हता, पाकिस्तानचा होता." काकूंनी ब्रश खाली ठेवला. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "त्याची ती मुलगी, जिला त्यानं पाहिलं नव्हतं, ती आता केवढी असेल गं?"

"आमच्या मुलीएवढीच," मी म्हणाले.

"बरी असू दे बाई," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा ब्रश उचलला. बऱ्याच वर्षांनी का होईना, तो आशीर्वाद योग्य पत्त्यावर गेला.